न उचलायचा फोन

मी पोंभुर्ण्याला सात चुका घेऊन गेलो होतो. माझा लौकिकच तसा आहे. वीस वर्षं प्रोग्रामिंग केलं की लोकांची नावं एखाद्या शोधाशी जोडली जातात. माझं नाव निघालं की पुण्यातली मंडळी आधी हसू आवरतात. एका कंपनीत माझ्या एका ओळीपायी अकरा हजार माणसांना एकाच सकाळी वाढदिवसाच्या शुभेच्छा गेल्या आणि त्यांत काही मयतही होती. हा किस्सा मी इतक्या वेळा सांगितला आहे की तो घडला किती आणि मी रचला किती, हे आता माझं मलाच सांगता येत नाही. असे सात किस्से. कुठे थांबायचं, कुठे पाण्याचा घोट घ्यायचा, सगळं पाठ.

आठवी चूक माझ्याआधीच तिथे पोचली होती. सव्वा वर्षापूर्वी ती मीच पुण्यातून पाठवली होती आणि साफ विसरून गेलो होतो.

चंद्रपूर ते पोंभुर्णा

जानेवारीतल्या सकाळी चंद्रपूरला उतरलो तेव्हा आकाश विटलेल्या चादरीसारखं होतं. पुण्यात धुकं पडलं की लोक फोटो काढतात. इथल्या लोकांनी खाकरून घसा मोकळा केला आणि कामाला लागले.

पोंभुर्ण्यात दरवर्षी प्रोग्रामिंगची परिषद भरते असं मी पुण्यात सांगितलं तेव्हा दोघांनी मला नकाशा दाखवायला लावला. मागे कंपनी नाही, कॉलेज नाही. गणिताचे एक शिक्षक, मेश्राम सर, आणि आसपासच्या तालुक्यांतले फॉर्म भरून देणारे, फोन दुरुस्त करणारे, डीएड करून घरी बसलेले असे लोक मिळून ती भरवतात. कोणी तांदूळ आणतं, कोणी लॅपटॉप. पुण्यात अशा परिषदेची तारीख हॉल मिळण्यावर ठरते. इथे आधी गावोगाव फिरणाऱ्या नाटकांचं वेळापत्रक बघतात, कारण मांडव, खुर्च्या आणि माईक नाटकवाल्यांचेच. त्यांचा मुक्काम दुसऱ्या गावी हलायच्या आत परिषद उरकायची. मेश्राम सरांनी मला पत्र पाठवून सगळे नियम कळवले होते. पत्र सुंदर अक्षरात होतं. अक्षराचं कौतुक करून मी ते ठेवून दिलं, वाचलं नाही.

एसटीत शेजारी बसलेल्या गृहस्थांनी प्लास्टिकच्या तुकड्यात सुपारी, तंबाखू आणि चुना घालून बोटांनी रगडायला सुरुवात केली. तो खर्रा. या भागात ओळख करून घ्यायची ती खऱ्ऱ्यानंच. त्यांनी पुडी पुढे केली. पाहुण्यानं नाही म्हणू नये म्हणून मी बडीशेप घेतो तशी चांगली मूठभर घेतली. दहा मिनिटांत कपाळावर घाम, पोटात भोवरा. दोन्ही बाजूंना सागाचं रान होतं. मी हात वर करून गाडी थांबवली आणि दरवाज्याकडे धावलो. कंडक्टरनं मागून माझी कॉलर धरली.

"ओकाचं असंल त खिडकीतून ओका जी. इथी कोनी उतरत नाई."

मी खिडकीतून ओकलो. गाडीतलं कोणी हसलं नाही, हे मला तेव्हा विचित्र वाटलं. पुढे दर थांब्यावर बघत गेलो. चढणारा एकटा नसायचाच. लोक चार-चार, पाच-पाचाच्या घोळक्यानं झाडीतून येत, मोठमोठ्यानं बोलत. मध्येच कोणीतरी उगाच टाळी वाजवी. बांधाबांधांत लाखोळीचं पीक हिरवं होतं, बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, पाणी होतं, कापलेल्या धानाची धसकटं लांबवर पसरलेली. आणि एवढ्या मोठ्या मोकळ्या रानात एकटं माणूस कुठेही नव्हतं.

पहिला दिवस

शाळेच्या पटांगणात मांडव. रंगमंचावर नाटकवाल्यांचा मागचा पडदा तसाच होता: संगमरवरी जिना, दोन झुंबरं, जिन्याशी कुंड्या. दोन दिवस जो तो या महालात उभा राहून बोलला. छातीवरच्या चिठ्ठ्या जुन्या लग्नपत्रिका कापून केलेल्या. माझ्या नावाच्या मागे अर्धा आहेर न आणण्याची विनंती होती. नाश्त्याला पोह्यांवर चण्याची लालभडक तर्री. माझ्या पोटाची कथा एव्हाना पोंभुर्णाभर झाली असावी, कारण वाढणाऱ्या सखूबाईंनी मला न विचारता कोरडे पोहे दिले.

मग मला नियम कळला, तो पत्रात होता. इथे कोणी नुसतं भाषण करत नाही. तुम्ही जे बनवलं ते ज्याच्यासाठी बनवलं त्याला खुर्चीत बसवायचं. तो ते वापरून बघणार. बनवणाऱ्यानं बाजूला उभं राहायचं, तोंड बंद, आणि त्याचे हात दुपट्ट्यानं पाठीमागे बांधायचे. मेश्राम सरांचं म्हणणं असं, की हात मोकळे असले की बनवणारा "इथे दाबा, तिथे दाबा" करत सगळं स्वतःच चालवतो, आणि घरी गेल्यावर समोरचं माणूस आंधळं होतं.

माझं नाव पुकारलं गेलं. माझ्याकडे दाखवायला रोजच्या कामांची यादी करणारं एक गोजिरवाणं अॅप होतं. कोणासाठी बनवलं, असं सरांनी विचारलं. मी म्हणालो, सगळ्यांसाठी. सरांनी सखूबाईंना बसवलं आणि माझे हात बांधले. अॅप उघडलं आणि त्यानं ई-मेलचा पत्ता मागितला. बाई त्या पडद्याकडे बघत राहिल्या. मी त्यांच्याकडे.

"हे मले काऊन विचारून राह्यलं जी?" सखूबाई म्हणाल्या. मला बोलायची परवानगी नव्हती. त्यांनी फोन हळूच उलटा ठेवला, भात बघायला हवा म्हणाल्या आणि निघून गेल्या. मांडव हसला, मीही हसलो. आठवा किस्सा मिळाला, असं मनातल्या मनात म्हणालोसुद्धा.

जेवणानंतर प्रज्ञा उभी राहिली. पंचविशीची, तहसीलसमोर ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान चालवणारी. तिचं गाव सावरटोला, तीन बाजूंनी जंगल. तिच्यासमोरची खुर्ची रिकामी होती. ज्यांनी बसायचं ते उद्या येणार आहेत, त्यांनी हो म्हटलं तर, असं तिनं आधीच सांगून टाकलं. मग आपलं यंत्र काय करायचं ते सांगितलं.

त्या गावात फोनची घंटी जाते, आवाज जात नाही, रेंज तेवढीच. म्हणून तिनं सिम घातलेला एक डबा जुन्या संगणकाला जोडला. ज्याला वाघ दिसेल त्यानं त्या नंबरला मिस्ड कॉल द्यायचा. यंत्र लगेच गावातल्या सगळ्या फोनांवर मिस्ड कॉल देई. पहाटे फोन वाजला की कोणी उचलायचा नाही. वाघ आहे एवढं समजायचं आणि घरात थांबायचं. दोन वर्षं हे चाललं. मोहफुलं वेचायच्या दिवसांत पहाटे गाव या घंटीवर चाले.

आणि गेल्या चैत्रापासून ते बंद आहे, असं ती म्हणाली. पहाटे घंटी एकदाच वाजली आणि थांबली. गावानं मानलं, वाघ गेला. कवडूभाऊंची बायको शेवंताबाई टोपली घेऊन निघाली, कारण त्यांचं मोहाचं झाड सगळ्यांत जवळ. वाघ तिथेच बसलेला होता.

हे सांगून तिनं पडद्यावर, म्हणजे त्या संगमरवरी जिन्यावर, आपला प्रोग्राम लावला. चूक कुठे होती ते दाखवते, म्हणाली. खालून तिसऱ्या पायरीवर सात ओळी दिसल्या आणि त्यांच्यावर मराठीत एक शेरा: "एकच वाघ, एकच हाक."

तो शेरा माझा होता.

आमच्या धंद्यात कोणीही आपला प्रोग्राम सगळ्यांपुढे उघडा ठेवतो आणि कोणीही दुरुस्ती सुचवतो. दिवाळीच्या सुट्टीत, दाढी करायला न्हाव्याकडे नंबर लावून बसलो असताना, मी हा प्रोग्राम चाळला होता. त्याची नोंदवही पाहिली. एकाच फोनवरून वीस मिनिटांत बावीस कॉल. मला वाटलं, कोणाचं बटण अडकलं असेल किंवा लोकांना अक्कल नसेल. एका वाघासाठी बावीस वेळा कशाला? मी सात ओळी लिहिल्या: एका नंबराचा कॉल आला की पुढचा अर्धा तास त्या नंबराकडे यंत्रानं लक्ष द्यायचं नाही. वर तो चटकदार शेरा. न्हाव्याकडे माझा नंबर लागायच्या आत प्रज्ञानं ते मंजूर केलं आणि आभार मानले. गुळगुळीत दाढी करून घरी गेलो. पुढे एका सभेत मी हे "आदिवासी भागातलं माझं काम" म्हणून सांगितलंही.

तिनं पडद्यावरून माझं नाव मात्र झाकलं होतं. फक्त एवढंच म्हणाली की दुरुस्ती बाहेरून आली, मंजूर मी केली, चूक माझी.

बोडीवर

चहाच्या वेळी ती मला शाळेमागच्या बोडीच्या बांधावर भेटली, म्हणजे मी तिथे लपलो होतो आणि तिनं शोधून काढलं. पाण्यात एक बगळा उभा होता. मी बगळ्याबद्दल काहीतरी बोललो. तिनं ऐकून घेतलं.

मग जे मला ठाऊक नव्हतं ते तिनं सांगितलं. सावरटोल्यात कोणी कोणाला न शिकवता एक रीत पडली होती. वाघ दिसत राहील तोवर बघणारा मिस्ड कॉल देतच राहणार. घंटी वाजत राहिली म्हणजे जनावर अजून आहे. थांबली म्हणजे गेलं. प्रोग्राममध्ये हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच वाटली नाही, इतकं ते सगळ्यांना माहीत होतं. मीच एकटा असा निघालो ज्याला त्यात घाण दिसली आणि ती त्यानं झाडून काढली.

"आणि त्या दिवशी कॉल देणारा कोण होता?" मी विचारलं.

"कवडूभाऊच होते सर."

बगळा उडून गेला. मला बघायला काही उरलं नाही.

वाघ पाहून झाडावर चढलेला नवरा तिथून यंत्राला कॉल देत होता, आणि माझ्या सात ओळींनी पहिल्यानंतरचा एकही पुढे जाऊ दिला नव्हता. त्या दिवसापासून कवडूभाऊंची खात्री झाली आहे की त्यांचंच बोट चुकलं, घाबरून दुसरंच बटण दाबलं गेलं. मेहुणा तर म्हणतो, कवडू झाडावर झोपला होता. फोन त्यांनी त्याच दिवशी बोडीत फेकला, त्यामुळे बघायलाही काही नाही. प्रज्ञानं त्यांना यंत्राची नोंदवही दाखवली. ते म्हणाले, कॉम्पुटरात काय बी लिहिता येते, तूच त लिहिते.

"मी गावची पोरगी. मन राखाले बोलून राह्यली, असं वाटते त्याईले. आणि गाव म्हणते, कवडूभाऊ सांगतीन तेव्हाच यंत्र चालू कराचं. दोन महिन्यांत मोहफूल पडन सर. लोक त जातीनच."

मी विचारलं, मग माझं नाव आजवर का नाही घेतलं? तिला थोडं हसू आलं, चांगलं नव्हतं ते.

"घेऊन काय करू? ते म्हणतीन, पुण्याचा कोनी मानूस पुढे करून राह्यली. न दिसणाऱ्या मानसावर कोनी बी ढकलते. तुमचं नाव पाहून मी ते नीट वाचलं नाई सर, हे खरं हाये. मोठे मानूस म्हणून. ते माह्यावर राह्यलं. पण उद्या तुमी त इथीच आहा."

तिनं तुम्ही सांगा असं म्हटलं नाही. उद्या दुपारी माझा "चुकांचा तास" होता, कार्यक्रमपत्रिकेवर छापलेला.

दुसरा दिवस

सकाळी सात वाजता मी बॅग घेऊन स्टँडवर होतो. चहा प्यायला गेलो होतो, असं मी स्वतःला सांगितलं. चहाला बॅग कशाला, याचंही उत्तर तयार होतं. आता आठवत नाही. चंद्रपूरची गाडी उभी होती. मी पायरीवर एक पाय ठेवला आणि समोर दुसरी गाडी येऊन थांबली. त्यातून सातआठ माणसं एकदमच उतरली, एकमेकांना धरून. त्यांतला एक वाळका म्हातारा, डोक्याला मफलर, माझ्याकडे आला.

"कॉम्पुटरचा कार्यक्रम कुठी हाये जी?"

मी विचारलं, कुठून आलात. सावरटोला, म्हणाले. नाव विचारायची गरज नव्हती. बाकीचे त्यांच्या दोन पावलं मागे चालत होते, आजाऱ्याच्या मागे चालतात तसे. त्यांनी माझ्या बॅगेकडे पाहिलं.

"तुमी चालले का?"

"नाही, आत्ताच आलो," मी म्हणालो.

"मंग संगच जाऊ," असं म्हणून त्यांनी माझी बॅग उचलली. मी ती ओढून घ्यायचा प्रयत्न केला. पाहुणे आहा, म्हणाले. शाळेपर्यंत माझी बॅग शेवंताबाईच्या नवऱ्यानं वाहिली. वाटेत त्यांनी विचारलं, पुण्यात वाघ आहेत का. मी नाही म्हणालो. बरं हाये, म्हणाले.

दुपारपर्यंत मी कोणाचं काय ऐकलं ते आठवत नाही. मुलचेऱ्याहून आलेल्या एकानं तळ्यातल्या मासोळीचं काहीतरी दाखवलं, त्याचे हात बांधले, सोडले. जेवणात वांगी आणि सुके झिंगे होते, त्यांची चव लागली असती तर मी इथे दोन ओळी लिहिल्या असत्या.

मग चुकांचा तास. इथली रीत अशी, की चूक सांगणाऱ्यानं खाली बसायचं आणि ऐकणारे खुर्च्यांवर. मी त्या महालाच्या जिन्यासमोर सतरंजीवर बसलो. पहिल्या रांगेत कवडूभाऊ. आणि मी काय केलं? मी पहिला किस्सा सुरू केला. वाढदिवसाचा. तोंड आपोआप चालू लागलं, ठरलेल्या जागी थांबलं, आणि मेलेल्या माणसांना शुभेच्छा गेल्या त्या वाक्यावर आलं. मांडवात कोणी हसलं नाही. मुलचेऱ्याचा मासोळीवाला तेवढा खुदकन हसला आणि इकडे तिकडे बघून गप्प झाला. कवडूभाऊ शांतपणे पुढचं ऐकायला थांबले होते.

मी पाणी प्यायलो. ते पाठ केलेलं पाणी नव्हतं.

प्रज्ञाच्या यंत्राबद्दल बोलायचंय म्हणालो. आधी नोंदवही म्हणजे काय ते सांगितलं, मग दुरुस्ती कशी पाठवतात ते सांगितलं, मग सिमच्या डब्याबद्दल. खरी गोष्ट सोडून तिच्या आजूबाजूचं सगळं सांगत होतो.

"सोपं सांगा जी," कवडूभाऊ म्हणाले.

"तुमचं बोट चुकलं नव्हतं, कवडूभाऊ. यंत्राला मी बहिरं केलं होतं. पुण्यात बसून. एका वाघासाठी इतक्या वेळा कॉल कशाला, असं मला वाटलं. तुमचा पहिला कॉल गावात गेला. पुढचे सगळे मी अडवले."

सावरटोल्याची माणसं खुर्च्यांवर सरकून बसली. मला वाटलं, कोणीतरी उठेल. उठायला हवं होतं.

"तुमी त सकाळी आलो म्हणत होते," ते म्हणाले.

"खोटं बोललो. पळून चाललो होतो."

त्यांनी मान हलवली. हे मात्र त्यांना पटलेलं दिसलं. मग म्हणाले, "मी किती डाव केला, ते हाये का त्याच्यात?"

किती वेळा, ते होतं. माझ्या ओळी कॉल पुढे जाऊ देत नव्हत्या. नोंद मात्र यंत्र इमानानं करत होतं. प्रज्ञानं पडद्यावर काही लावलं नाही. तिनं लॅपटॉप माझ्या मांडीवर आणून ठेवला आणि मी वाचू लागलो. पाच वाजून एकतीस. पाच बत्तीस. पाच बत्तीस, पुन्हा. पाच तेहतीस. मी वेळा वाचत होतो आणि ते प्रत्येक वेळेला अंगठा किंचित हलवत होते. पाच एक्कावन्न. पाच बावन्न. मग मी अडखळलो.

"काऊन थांबले?"

"इथं मध्ये चार मिनिटं काही नाही. मग थेट पाच छप्पन्न."

कवडूभाऊ उठून उभे राहिले. मफलर सोडून हातात घेतला.

"फोन पडला होता माहा," ते म्हणाले. माझ्याशी नाही, मागे वळून आपल्या गावाशी बोलत होते. "खाली पडला. वाघ तिथीच बसून होता, इथून त्या खांबाइतका. मी उतरलो. फोन घेतला. पुन्हा चढलो."

हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं; झोपलेला माणूस म्हणून ज्याची गावभर चर्चा, तो झाडावरून उतरलो होतो म्हणाला असता तर कोणी ऐकलं असतं? चार मिनिटांची ती रिकामी जागा कोणी लिहू शकत नव्हतं. प्रज्ञालाही ठाऊक नव्हतं तिथे काय होतं. ती महालाच्या कुंडीशी उभी होती, तोंडावर ओढणी दाबून.

"पुढे वाचा," ते म्हणाले.

मी वाचलं. एकूण एक्केचाळीस. शेवटचा पाच एकोणसाठला. पाच एकोणसाठनंतर का थांबले ते कोणी विचारलं नाही.

ते परत बसले. त्यांनी प्रज्ञाला हे सगळं कागदावर काढून द्यायला सांगितलं. मेहुण्याला दाखवायचं होतं. तिनं शाळेच्या प्रिंटरवर काढलं, दीड पान. त्यांनी ते चार घड्या करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं. माफी मागितली ती मी मागितली, आणि ती सतरंजीवर तशीच पडून राहिली. मेश्राम सरांनी विचारलं, पुढे कोणी चूक सांगणार आहे का. कोणी नव्हतं.

उठता उठता कवडूभाऊ प्रज्ञाला म्हणाले, "चालू कर बाई. होतं तसंच कर. वाजू दे जितके डाव वाजते तितके." मग मफलर बांधला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बोट दाखवलं.

"याईचा नंबर बी टाक त्याच्यात."

प्रज्ञानं माझ्याकडे पाहिलं. मी नंबर सांगितला. तिनं तिथेच, सगळ्यांसमोर, आधी माझ्या सात ओळी काढल्या आणि मग सावरटोल्याच्या फोनांच्या यादीत शेवटचा माझा नंबर घातला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नाटकवाले पडदा सोडवायला आले होते. त्यांनी महाल गुंडाळायला सुरुवात केली.

पुणे

परत आल्यावर लोकांनी विचारलं, कशी झाली परिषद. मी खऱ्ऱ्याचा किस्सा सांगतो, सखूबाईंचा सांगतो. ते हसतात. त्यापुढचं इथेच पहिल्यांदा लिहितो आहे, कारण हे तोंडानं सांगायला लागलो की माझं तोंड कुठे कुठे थांबायचं ते शोधू लागतं.

आता चैत्र लागला आहे. तिकडे मोह पडतोय. पहाटे साडेपाचच्या सुमारास माझा फोन वाजतो, एकदा घंटी, मग बंद, मग पुन्हा. पहिल्या दिवशी बायकोनं झोपेत विचारलं, कोणाचा आहे, उचला की. मी सांगितलं, हा उचलायचा नसतो. आता तीही जागी असते. आम्ही दोघं छताकडे बघत पडून राहतो. खाली दूधवाला येतो, कोणीतरी गाडी पुसत असतं, आणि साडेआठशे किलोमीटरवर झाडावर बसलेलं कोणीतरी अंगठा दाबत असतं.

आज एकोणीस वेळा वाजला. मग थांबला.

थांबला म्हणजे वाघ गेला. तिथे तसंच समजतात. मी अजून अर्धा तास फोन हातात धरून बसतो.